टर्बो नंतर लावायचाय? मग कॉम्प्रेशन आत्ताच मोजून ठरवा

इंजिन कामाला काढलं की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पुढं टर्बो लावायचाय, कॉम्प्रेशन कमी करून ठेव." (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप; कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं, तो रेशो.) किती कमी, कशाच्या हिशेबाने आणि कुठून, हे कुणी विचारत नाही. मग मिस्त्री दोन हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) एकावर एक बसवतो आणि गाडी पहिल्याच चढाला मठ्ठ वाटायला लागते. टर्बोचे पैसे काही लवकर जमत नाहीत. शेवटी एकदाचा टर्बो लागतो, तर कॉम्प्रेशन कमी असूनही नॉकिंग (स्पार्कची आग पोहोचण्याआधीच मिश्रण आपोआप पेटून होणारी खडखड) हजर. हा प्रकार मी इतक्यांदा पाहिलाय (एकदा स्वतःही करून बसलोय) की सगळा क्रम एकदा सविस्तर लिहून काढायचं ठरवलं.

उदाहरणाला मारुतीचं १.३ लिटरचं जी१३ इंजिन घेतलंय. एस्टीम आणि जिप्सी किंगमुळे ते आपल्याकडे मुबलक आहे, सुटे भाग मिळतात आणि हात बसलेले मिस्त्रीही. बोअर (सिलेंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५.५ मिमी. इंजिन दुसरं असलं तरी क्रम हाच ठेवा, फक्त आकडे तुमचे घाला. पुढचं सगळं पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे साध्या एमपीएफआय इंजिनांसाठी आहे. सिलेंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांचा हिशेब वेगळा असतो. तिथे पेट्रोलची वाफ होताना आतली हवाच थंड होते, म्हणून सुझुकीचं १ लिटरचं बूस्टरजेट कंपनीतून टर्बोसकट १०:१ वर चालतं. तो आकडा पाहून "आपणही दहा ठेवू" म्हणू नका.

सावधान: रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची मूळ रचना बदलण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची बंधनं आहेत, आणि न सांगता केलेल्या बदलावर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. गाडी ट्रॅकसाठी आहे की रस्त्यासाठी, हे पैसे खर्च करायच्या आधी ठरवा.

टप्पा १: आधी पेट्रोल आणि बूस्ट, आकडा त्यानंतर

कॉम्प्रेशन रेशो हा या कामातला पहिला निर्णय नाही, तिसरा आहे. पहिला निर्णय पेट्रोलचा. बीएस-६ च्या साध्या पेट्रोलचं ऑक्टेन (नॉकिंगला विरोध किती, याचा आकडा) किमान ९१ होतं. ई-२० च्या, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या, मानकात ते किमान ९५ आहे. इथेनॉलमुळे नॉकिंगला विरोध वाढतो, ही टर्बोवाल्यांच्या फायद्याची बाब. त्याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. जुन्या गाडीचे रबरी पाइप, ओ-रिंगा आणि पंपाचे सील त्या पेट्रोलसाठी बनलेले नसतात, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाइप आधी बदला. १०० ऑक्टेनचं पेट्रोल पुण्या-मुंबईत मिळतं म्हणून त्यावर इंजिन बांधू नका. कोकणात उतरल्यावर जो पंप समोर येईल, त्याचंच पेट्रोल भरावं लागतं.

दुसरा निर्णय बूस्टचा, म्हणजे टर्बो बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब चढवणार त्याचा, आणि तो आजच कागदावर लिहायचा. "बघू नंतर" चालणार नाही. मूळ पिस्टन, मूळ कनेक्टिंग रॉड आणि इंटरकूलर (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणारी जाळी) एवढ्यावर ०.४ ते ०.५ बार हे समजूतदार लक्ष्य आहे. ०.८ बारच्या वर जायचं तर फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन आणि मजबूत रॉड आलेच, म्हणजे खर्चाचा सगळा मामलाच बदलतो.

बूस्ट वाढला की फक्त दाब वाढत नाही, हवा तापते. एप्रिलमधली विदर्भातली ४० अंशांची हवा घ्या. कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर ०.५ बारला ती सुमारे ९५ अंशांवर बाहेर पडते. ०.७ बारला ११० च्या पुढे जाते. चांगला इंटरकूलर तिला ६०च्या आसपास आणतो. नॉकिंग होतं ते दाब आणि तापमान या दोन्हींमुळे. त्यामुळे कॉम्प्रेशनमध्ये अर्धा पॉइंट कापण्याआधी इंटरकूलर कुठे बसेल ते बघा. बरेचदा तिथेच जास्त फायदा निघतो.

तपासणी: कागदावर तीन ओळी हव्यात: कोणतं पेट्रोल, जास्तीत जास्त किती बूस्ट, इंटरकूलर आहे की नाही. यातली एक जरी रिकामी असेल तर हेड उघडू नका.

टप्पा २: किती ठेवायचं

"टर्बोला साडेसात-आठ लागतं" ही समजूत जुन्या काळातली, म्हणजे कार्ब्युरेटर, इंटरकूलरचा अभाव आणि ढोबळ टायमिंग (स्पार्क नेमका कधी पडायचा ते) यांची. इंजेक्शन आलं, टायमिंगवर बारीक ताबा आला, तसा आकडा वर सरकला. निसानचं एसआर२० इंजिन १९९०च्या सुमारास टर्बोशिवाय १०:१ आणि टर्बोसह ८.५:१ होतं. दोन्हींत फरक दीड पॉइंटाचा, आणि तोही कारखान्यानेच ठेवलेला.

साध्या इंजेक्शनच्या, इंटरकूलर लावलेल्या इंजिनाला ९५ ऑक्टेनवर मी धरतो ते आकडे असे. ०.४ बारपर्यंत ९.५ ला हात लावायची गरज नाही. ०.५-०.६ बारला ९ च्या जवळ. ०.८ ते १ बारला ८.५. आठच्या खाली जायचं कारण मला रस्त्यावरच्या गाडीत दिसत नाही. ९१ ऑक्टेनवरच चालवावं लागणार असेल तर प्रत्येक आकड्यातून अर्धा वजा करा. हा अनुभवाचा अंदाज आहे, नियम नाही. ॲल्युमिनियमचं हेड, स्पार्क प्लग चेंबरच्या मधोमध आणि कूलिंग चांगलं असेल तर थोडं वर चालतं. ओतीव लोखंडाचं हेड आणि कोपऱ्यातला प्लग असेल तर खाली या.

कमी कॉम्प्रेशनची किंमत टर्बो नसतानाच जास्त कळते. साडेनऊवरून आठवर आलात तर ताकद आणि ॲव्हरेज दोन्हींत ढोबळमानाने पाच-सहा टक्के जातात, आणि जातात ते नेमके कमी आरपीएमला. टर्बो लागल्यावरही तो फिरायला लागेपर्यंत गाडी तशीच सुस्त राहते. शहरातल्या सिग्नलवर दिवसातून शंभर वेळा हेच अनुभवायचंय. म्हणून "नंतर टर्बो" म्हणणाऱ्याने शंका आली तर वरचा आकडा घ्यावा. जास्त कॉम्प्रेशनवर बूस्ट ०.१ बारने कमी ठेवणं जमतं. कमी कॉम्प्रेशन वाढवायचं तर इंजिन पुन्हा उघडावं लागतं.

सावधान: इंटरनेटवर "इफेक्टिव्ह कॉम्प्रेशन" म्हणून एक सूत्र फिरतं: रेशोला बूस्टच्या पटीने गुणा आणि अमुक आकड्याच्या आत राहा. त्यात हवेचं तापमान नाही, इंटरकूलर नाही, टायमिंग नाही. दोन पर्यायांची ढोबळ तुलना करायला ते ठीक. त्यावर पिस्टनची ऑर्डर देऊ नका.

टप्पा ३: आहे ते मोजा

मॅन्युअलमधला आकडा नव्या इंजिनाचा असतो. तुमच्या इंजिनाचं हेड कदाचित दोनदा फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) झालंय, बोअर वाढलाय, पिस्टन बाजारातला आहे. आणि कॉम्प्रेशन गेजवर आलेले १५० किंवा १८० पीएसआय म्हणजे कॉम्प्रेशन रेशो नव्हे. तो आकडा कॅमवर, बॅटरीवर, थ्रॉटल किती उघडा होता यावर, अगदी गाव समुद्रसपाटीपासून किती उंच आहे यावरही बदलतो. त्यावरून रेशो काढता येत नाही. यावर मी चहाच्या टपरीवर तासन्‌तास वाद घातलेत.

सामान फार लागत नाही: ब्युरेट किंवा बारीक खुणांची मोठी सिरिंज, ॲक्रिलिकचा जाड तुकडा, ग्रीस, रंग घातलेलं स्पिरिट, डायल गेज.

हेडचं चेंबर असं मोजा. आधी फेसिंग आणि व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह घासून सीटवर चपखल बसवणं) पूर्ण होऊ द्या. नंतर फेसिंग केलं तर मोजमाप फुकट. वापरणार तोच प्लग बसवा. व्हॉल्व्हच्या सीटला आणि ॲक्रिलिकच्या कडेला पातळ ग्रीस लावून तुकडा हेडवर दाबा, हेड किंचित कलतं ठेवा आणि वरच्या बाजूच्या भोकातून स्पिरिट सोडा. बुडबुडा एकही राहू द्यायचा नाही. चारही चेंबर मोजा. त्यांच्यात अर्ध्या सीसीपेक्षा जास्त फरक असेल तर लहान चेंबर घासून मोठ्यांच्या बरोबरीला आणा. कारण नॉकिंग सगळ्यात लहान चेंबरमध्ये सुरू होतं आणि ट्यूनिंगही त्याच्याच हिशेबाने अडतं.

पिस्टन टॉपला आला की ब्लॉकच्या पृष्ठभागापासून किती खाली किंवा वर राहतो, ते डायल गेजने बघा. गजन पिनच्या रेषेत दोन्ही टोकांना मोजून सरासरी घ्या, कारण आडव्या दिशेला पिस्टन डुलतो आणि आकडा फसवतो.

पिस्टनच्या डोक्यावरचे खड्डे मोजायला पिस्टन बरोबर ५ मिमी खाली न्या, कडेला ग्रीस लावा, ॲक्रिलिक ठेवून भरा. ७४.५ मिमी बोअरमध्ये सपाट पिस्टनवर २१.८ सीसी मावायला हवेत. २३.३ मावले तर खड्डा दीड सीसीचा. २१.८ पेक्षा कमी मावले तर पिस्टनचं डोकं फुगीर आहे.

गॅस्केटची जाडी नव्या गॅस्केटवर मोजू नका. आवळल्यानंतरची जाडी लागते. जुनं काढलेलं त्याच कंपनीचं गॅस्केट मायक्रोमीटरने मोजलं तरी चालतं.

तपासणी: प्रत्येक मोजमाप दोनदा. दोन वेळांत ०.३ सीसीपेक्षा जास्त फरक आला तर कुठेतरी गळतंय किंवा बुडबुडा आहे.

टप्पा ४: हिशेब

सूत्र शाळेतलंच आहे. सिलेंडरचं घनफळ (पिस्टन वर-खाली होताना व्यापतो ती जागा) अधिक वर उरलेली जागा, भागिले वर उरलेली जागा.

समजा बोअर ०.५० ओव्हरसाइज करून ७४.५ झालाय. मग एका सिलेंडरचं घनफळ ३२९.१ सीसी. वर उरलेली जागा:

चेंबर ३२.० सीसी
गॅस्केट (७६ मिमी भोक, आवळून १.० मिमी) ४.५ सीसी
पिस्टन ०.१ मिमी खाली, म्हणून ०.४ सीसी
पिस्टनवरचे व्हॉल्व्हचे खड्डे १.५ सीसी

एकूण ३८.४. म्हणजे ३६७.५ भागिले ३८.४, उत्तर ९.५७. आपल्याला हवंय ९.०. त्यासाठी वरची जागा ३२९.१ भागिले ८, म्हणजे ४१.१ सीसी हवी. कमी पडतात २.७ सीसी. अख्खं काम एवढ्या २.७ सीसीचं आहे, चमचाभर औषधापेक्षाही कमी.

बोअर वाढवला की बाकी काही न करताही रेशो थोडा वर जातो, फेसिंगनेही जातो. त्यामुळे "फक्त रिबोअर केलंय, कॉम्प्रेशन तेच आहे" असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका.

टप्पा ५: ते २.७ सीसी कुठून आणायचे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

सोपा वाटणारा रस्ता जाड गॅस्केटचा. आपल्या उदाहरणात त्यासाठी ०.६ मिमी जास्त जाडी लागेल. पण पिस्टन टॉपला आल्यावर त्याच्या आणि हेडच्या सपाट भागामध्ये जी फट राहते, स्क्विश म्हणतात ती, १.१ वरून १.७ मिमी होते. ती फट अरुंद असते तेव्हा कडेचं मिश्रण झटक्यात मध्ये फेकलं जातं, घुसळण होते आणि आग लवकर पसरते. कडेला उरलेला पातळ थर हेड आणि पिस्टनच्या धातूला चिकटून थंड राहतो. फट रुंद केली की घुसळण मरते आणि कडेला मिश्रणाचा जाड, गरम थर शिल्लक राहतो. नॉकिंग पेट घेतं ते याच थरात. म्हणजे रेशो ९ करून तुम्ही साडेनऊपेक्षा जास्त नॉकिंग करणारं इंजिन बांधू शकता. मी केलेली चूक हीच होती. दोन गॅस्केट, ८.६ चा रेशो, आणि ०.३ बारला खडखड. वर दोन गॅस्केटच्या मधून पाणीही झिरपायला लागलं, ते वेगळंच.

छोट्या चार सिलेंडरच्या इंजिनात ही फट ०.८ ते १.० मिमी ठेवावी. ०.७ च्या खाली जाऊ नका. जास्त आरपीएमला रॉड ताणतो, बेअरिंगची ढील मिळते, आणि पिस्टन हेडला टेकू शकतो.

बरोबर रस्ता पिस्टनच्या डोक्यातून जातो. मध्यभागी ५५ मिमी व्यासाचा, सुमारे १.१ मिमी खोल उथळ खड्डा घेतला की २.७ सीसी मिळतात आणि कडेची सपाट पट्टी शाबूत राहते. मात्र खड्डा घेण्याआधी पिस्टनच्या डोक्याची जाडी खालून मोजा. खड्ड्यानंतर धातू पातळ होत असेल तर ते पिस्टन सोडा आणि खोल डोक्याचे तयार पिस्टन शोधा. थोडे पैसे जास्त जातील, पण डोक्याला भोक पडलेला पिस्टन मी पाहिलाय. चारही पिस्टनचं वजन नंतर जुळवून घ्यायचं.

थोडं काम चेंबरमधूनही होतं. व्हॉल्व्हच्या भोवती चिकटून असलेली भिंत मोकळी केली, धारदार कडा गोल केल्या, की एखादा सीसी मिळतो आणि हवेची वाटही सुधारते. धारदार कडा तापून लाल होतात आणि स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटवतात, म्हणून हे काम रेशो बदलायचा नसला तरी करावंच.

सावधान: लेथवाल्याला फोनवर "थोडं कॉम्प्रेशन कमी करून द्या" असं सांगू नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात शंभरांश मिमीत काम करणारे हात आहेत, पण त्यांना आकडा लागतो. कागदावर चित्र, व्यास, खोली, आणि "कडेची पट्टी फेसिंग करायची नाही" एवढं लिहून द्या.

टप्पा ६: इंजिन उघडं आहे तोवर

"नंतर" या शब्दाने फसवलेली माणसं मी पाहिलीत. टर्बो, इंटरकूलर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), इंजेक्टर, पंप हे सगळं इंजिन न उघडता बदलता येतं. खालच्या गोष्टी येत नाहीत.

रिंगांची फट. टर्बोवर वरची रिंग जास्त तापते, फुगते, आणि टोकं एकमेकांना भिडली तर रिंगेखालची पिस्टनची कड तुटते. ७४.५ मिमी बोअरला वरच्या रिंगेची फट साधारण ०.३० मिमी असते. टर्बोसाठी ती ०.४० च्या आसपास हवी. पिस्टनबरोबर कंपनीचा कागद आला असेल तर त्यातला आकडा धरा. टर्बो येईपर्यंत थोडा ब्लो-बाय (रिंगांमधून खाली निसटणारा वायू) जास्त राहील, तो सोसा. उलटं केलंत तर पहिल्याच लांब चढाला पिस्टन जाईल.

संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) तेलाचा परतीचा नळ वेल्ड करून, बूच लावून ठेवा. टर्बोतून तेल फक्त गुरुत्वाकर्षणाने खाली येतं, त्यामुळे हा नळ तेलाच्या पातळीच्या वर असायला हवा. नंतर करायचं म्हटलं तर संप उतरवणं आणि वेल्डिंगचे कण आत जाण्याचा धोका.

रॉडचे बोल्ट नवे घाला. नॉक सेन्सरला ब्लॉकवर जागा करून ठेवा. कॅम मात्र मूळचाच राहू द्या. लांब ओव्हरलॅपचा (आतला आणि बाहेरचा व्हॉल्व्ह जास्त वेळ एकदम उघडे ठेवणारा) कॅम लहान टर्बोबरोबर वापरला तर एक्झॉस्टचा गरम धूर उलटा सिलेंडरमध्ये येतो.

टप्पा ७: बांधणी, आणि टर्बो नसतानाचे दिवस

स्टीलच्या थरांचं गॅस्केट घालणार असाल तर दोन्ही पृष्ठभाग अगदी गुळगुळीत हवेत. खरखरीत फेसिंगवर ते गळतं. पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर मळलेल्या मातीच्या पट्टीने बघा. सगळं आवळून झाल्यावर स्क्विशची फट शेवटची एकदा तपासा: पिस्टनवर मऊ सोल्डरच्या तारेचे तुकडे ठेवा, हेड आवळा, क्रँक हाताने एक चक्कर फिरवा, हेड काढून तारेची जाडी मोजा. त्यासाठी जुनं गॅस्केट वापरा, नवं वाया जाईल.

टर्बो येईपर्यंत गरम प्लगच ठेवा. एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर नेणारे) प्लग आत्ताच घातले तर शहरात काजळी धरेल.

तपासणी: हजार किलोमीटरनंतर चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन घ्या. आकडा किती याला महत्त्व नाही; चौघांत दहा टक्क्यांच्या आत फरक हवा. हे आकडे लिहून ठेवा. टर्बो लावायच्या दिवशी पुन्हा घेऊन यांच्याशीच ताडायचे आहेत.

टप्पा ८: टर्बोच्या दिवशी

आता प्लग एक पायरी थंड घाला आणि फट ०.६-०.७ मिमी ठेवा. एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे थंड, बॉशमध्ये उलटं. मूळ मॅप सेन्सर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) १ बारचा असेल तर तो बूस्ट वाचूच शकत नाही. २.५ किंवा ३ बारचा सेन्सर आणि तो समजणारा ईसीयू लागतो. बूस्ट आला की इंजेक्टरवरचा पेट्रोलचा दाबही त्याच्याबरोबर वाढायला हवा, तसा रेग्युलेटर आहे का बघा. ई-२० ला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त लागतं, शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा तर याला सुमारे १३.५. म्हणून मिश्रण हवा-पेट्रोलच्या आकड्यात न मोजता लॅम्डात (पूर्ण जळायला लागते त्याच्या किती पट हवा आहे, त्यात) मोजा. बूस्टवर ०.८० ते ०.८५ पासून सुरुवात करा.

पहिलं ट्यूनिंग वेस्टगेटच्या (जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर जेवढा बूस्ट येईल तेवढ्यावरच, डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), आणि टायमिंग मुद्दाम मागे ठेवून. ट्यूनिंग महाबळेश्वरला केलं आणि गाडी मुंबईला उतरवली तर गेजवर तोच ०.५ बार दिसेल, पण सिलेंडरमध्ये हवा सुमारे दहा टक्के जास्त जाईल, कारण वर बाहेरचाच दाब ०.८६ बारच्या आसपास असतो. म्हणून अखेरची चाचणी सखल भागात, उन्हात, पूर्ण टाकीऐवजी अर्ध्या टाकीवर घ्या. बूस्टवर नॉकिंगचा एक जरी टकटक आवाज आला तर पाय काढा, टायमिंग दोन अंश मागे घ्या आणि प्लग काढून बघा. पांढऱ्या सिरॅमिकवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे किंवा चंदेरी ठिपके दिसले, तर ती पिस्टनची धातू आहे. गाडी तिथूनच टो करून न्या.